नियोजित उद्यानातली भाऊबीज

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा तिथे इमारती कमी आणि पाट्या जास्त होत्या. नियोजित शाळा, नियोजित दवाखाना, नियोजित बाजार. भोवती सगळं गवत, मधूनच एखादी खाचरांची पट्टी, पलीकडे खाडी. माझे वडील रोज संध्याकाळी या पाट्या वाचायला जात. मुंबईतल्या एका कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. तिथे त्यांना खुर्ची बदलून मागायचीसुद्धा हिंमत होत नसे. पण संध्याकाळी वाशीच्या थांब्यावर बसमधून उतरले की त्यांची चाल बदलायची. हात मागे बांधून, मान जरा वर करून, हे शहर आपल्याच देखरेखीखाली उभं राहतंय अशा थाटात ते घरी येत आणि आईला सांगत, "आज दवाखान्याच्या पाटीला रंग दिला बरं का."

आई म्हणे, "बरं झालं. उद्या ताप आला तर पाटीला दाखवून येऊ."

दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतले काही लोक माथेरानला जात, काही महाबळेश्वरला. जे जात नसत ते दारं लावून घरात बसत, म्हणजे गेल्यासारखं वाटे. आमच्याकडे सुट्टीआधी वडिलांचं एक भाषण होई. मुंबईची माणसं हवा खायला पैसे मोजून लांब जातात, आपण तर हवेतच राहतो, असा त्याचा गाभा. मी आणि माझी धाकटी बहीण ते ऐकून घेत असू. हवा खरोखरच भरपूर होती. ऑक्टोबरच्या उन्हात ती तव्यावरून आल्यासारखी लागे, एवढंच.

त्या वर्षी गणपतीत माझी आत्या आणि आतोबा दादरहून आले होते. आतोबा दादरमध्येच जन्मले, दादरमध्येच नोकरीला लागले आणि दादरच्या बाहेर जे काही आहे ते त्यांच्या मते तात्पुरतं होतं. आमच्या गॅलरीत उभं राहून त्यांनी चौफेर पाहिलं आणि विचारलं, "सगळं छान आहे हो. पण पाहुणा आला तर त्याला दाखवायचं काय? आमच्याकडे कसं, बाग आहे, चौपाटी आहे."

वडील फटकन म्हणाले, "आमच्याकडेही आहे."

"काय आहे?"

"बाग. आणि चौपाटी. भाऊबीजेला या दाजी, डबा घेऊन सगळे जाऊ."

पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "कुठली बाग?"

"नेरूळच्या बाजूला. पाटी लागलीये. दोन महिन्यांत काहीतरी होईलच की."

काही झालं नाही. पाटीवर एक कावळा तेवढा नेमाने बसू लागला.

भाऊबीज उजाडली. आत्याने वडिलांना ओवाळलं, वडिलांनी तिला साडी दिली आणि आम्ही निघालो. डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी होती. शिवाय मऊ पडलेला चिवडा आणि कोणीही तोंड न लावलेले कडक बुंदीचे लाडू. सहल काढण्यामागे आईचा खरा हेतू हे लाडू संपवणं हाच असावा असा मला संशय आहे. आतोबा पांढरंशुभ्र धोतर आणि कोट घालून आले होते, कारण बागेत जायचं होतं. वडिलांनी इस्त्रीची पँट घातली होती आणि हातात छत्री घेतली होती. बस मिळाली तिथवर बसने गेलो आणि नंतर खडीच्या रस्त्याने चालत. रस्ता संपला तरी वडील थांबेनात. मग पायवाट संपली. कमरेएवढ्या गवतातून आमची वरात चालली, सर्वांत पुढे छत्री.

"आली," वडील म्हणाले.

समोर लोखंडी खांबांवर पाटी होती. नियोजित उद्यान. आतोबांनी पाटीकडे पाहिलं, पाटीमागच्या गवताकडे पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बाग कुठाय?"

"हीच," वडील म्हणाले. त्यांना जराही शरम वाटत नव्हती. त्यांनी छत्री मिटली आणि तिच्या टोकाने दाखवायला सुरुवात केली. "इथून मुख्य दरवाजा. दोन्ही बाजूंना गुलाब. त्या तिकडे, बगळा बसलाय ना, तिथे कारंजं. डावीकडे मुलांची आगगाडी. दाजी, जरा सरका, तुम्ही आगगाडीत उभे आहात."

आतोबा खरंच दोन पावलं सरकले. आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली. आईने शांतपणे विचारलं, "मग मी सतरंजी कुठे घालू? रुळांवर की फलाटावर?"

वडिलांचं लक्ष नव्हतं. ते छत्रीने हवेत मोठमोठ्या रेघा ओढत पुढे चालले होते आणि त्या भरात गवत संपून भाताचं खाचर सुरू झाल्याचं त्यांना कळलंच नाही. पीक पिवळंधमक झालं होतं, कापणी चालू होती. ओणवी झालेली एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. पन्नाशीची असेल, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात विळा.

"कोन तुमी? मोजनीवाले काय?"

त्या दिवसांत पँट घातलेला माणूस शेतात येऊन हात दाखवू लागला की तो मोजणीचाच असे. बाईने हाक मारली तसा पलीकडून तिचा दीर आला, त्याच्यामागून आणखी चार-पाच माणसं. ती खाडीकाठच्या जुन्या गावची. ही सगळी खाचरं त्यांचीच, कागदोपत्री शहरात गेलेली, पण कोणी बांधायला येत नाही तोवर भात लावायचा, असं चाललं होतं.

"साहेब, बरं झालं आलाव," दीर म्हणाला. "तुमचे ट्रकवाल्यांनी भराव टाकून आमचा नाला बुजवला. पानी जाल कुठं?"

साहेब! हा शब्द वडिलांसाठी आयुष्यात त्याआधी कोणी वापरला असेल असं वाटत नाही. मी त्यांच्या शेजारीच होते. मी कारकून आहे, सहलीला आलोय, एवढं सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर गोड काहीतरी पसरलं, छाती किंचित पुढे आली आणि ते म्हणाले, "हं. कुठला नाला? दाखवा बघू."

नाला दाखवण्यात आला. वडिलांनी त्यात छत्री खुपसून खोली पाहिली. कपाळाला आठी घालून ते म्हणाले, "हे गंभीर आहे. वर कळवावं लागेल." माणसांचा घोळका वाढला. एकाने विचारलं, गावाला नळ कधी येणार. दुसऱ्याने विचारलं, मुलांना नोकऱ्या देणार होते त्याचं काय झालं. वडील प्रत्येकाला "बघतो", "नोंद घेतलीये", "प्रस्ताव आहे" अशी उत्तरं देऊ लागले. कचेरीत इतकी वर्षं ऐकलेली वाक्यं त्यांना एकदाची स्वतः वापरायला मिळत होती आणि ती त्यांच्या तोंडी शोभतही होती. आतोबांनी तर आगीत तेलच ओतलं. "विचारा, विचारा," ते म्हणाले, "आत्ताच ते इथे कारंजं बसवत होते."

"कारंजं?" दिराचा आवाज चढला. "आमचे भातान कारंजं?"

आता मात्र वातावरण बदललं. माणसं जवळ सरकली. वडिलांची छाती पूर्ववत झाली. तेवढ्यात मागून आई आली, काखेत सतरंजी, हातात डबा.

"अहो, कोण साहेब?" ती त्या बाईला म्हणाली. "हे माझे मालक. यांना घरात खिळा ठोकायचा तर आधी मला विचारतात. आम्ही फिरायला आलोय."

"हिंडाला?" बाईने आमच्याकडे, डब्याकडे, आतोबांच्या कोटाकडे पाहिलं. "इकरं? काय बघाला?"

"बाग," माझी बहीण म्हणाली.

आधी ती बाई हसली, मग दीर, मग सगळेच. विळा खाली टाकून, बांधावर बसून ती हसली. वडील छत्री उघडून छत्रीच्या आड उभे राहिले. हसून झाल्यावर डोळे पुसत ती उठली आणि म्हणाली, "साहेब नसाल तर नसाल. हात तर हायेत ना? मंग भारे उचला."

वडिलांनी भारे उचलले. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. इस्त्रीच्या पँटला भाताचं कूस चिकटवून घेत ते खळ्यापर्यंत खेपा घालत राहिले. आई आणि आत्या पेंढ्या बांधायला लागल्या. आई लहानपणी माहेरी कापणीला जायची हे मला त्या दिवशी कळलं. तिचे हात झरझर चालत होते आणि ती त्या बाईशी अशी बोलत होती की तसं सोसायटीत कोणाशी बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं. आम्हा बहिणींना बांधाच्या बिळातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, कशा पकडायच्या ते दिराने शिकवलं. माझ्या बोटाला एक चावली. मी रडले नाही, कारण आमच्या वर्गात माथेरानला जाऊन घोड्यावर बसलेल्या मुली होत्या, पण चिंबोरी चावलेली एकही नव्हती.

आतोबांनी कामात भाग घेतला नाही. चौपाटी राहिली होती, ती पाहायला ते एकटेच खाडीच्या दिशेने गेले. बऱ्याच वेळाने तिकडून हाका ऐकू आल्या. आम्ही धावत गेलो. ओहोटीच्या चिखलात आतोबा मांड्यांपर्यंत उभे होते. दोन्ही हात वर, एका हातात पंप शू.

"ही चौपाटी?" ते ओरडले.

"नियोजित," आत्या काठावरून म्हणाली. लग्नानंतर तिने त्यांची पहिल्यांदाच थट्टा केली असावी, कारण आतोबा चिखल विसरून तिच्याकडेच बघत राहिले.

त्यांना फळी टाकून बाहेर काढलं. आतोबा आले, धोतर आलं नाही; म्हणजे आलं, पण त्याला धोतर म्हणवेना. मग दिराने आपला एक धुतलेला चौकड्यांचा रुमाल आणून दिला. गावची माणसं कमरेला नेसतात तो, मागून-पुढून जेमतेम. वर कोट आणि खाली रुमाल अशा वेषात आतोबा पंगतीला बसले. आमच्या पुऱ्या, त्यांच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. भाऊबीजेच्या दिवशी सुकी मासळी कशी खायची, असं आतोबा एकदाच म्हणाले. मग त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. कडक लाडू गावच्या मुलांनी दगडाने फोडून संपवले आणि आईच्या चेहऱ्यावर कृतकृत्य भाव आला.

संध्याकाळी बसमध्ये कंडक्टरने आतोबांकडे दोनदा पाहिलं, पण तिकीट दिलं. दादरला उतरून घरी जाईपर्यंत त्यांनी काय सोसलं ते आम्हाला नंतर आत्याकडून कळलं. गल्लीतल्या ओळखीच्या एकाने विचारलं, "कुठून हो?" तर आतोबा ताठ मानेने म्हणाले, "बागेतून."

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर एका सकाळी आमच्या दारावर थाप पडली. बाहेर ती बाई उभी होती. नवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, मागे दोन सुना, दीर आणि पोरांचं लटांबर. डोक्यावर टोपली.

"तुमी आमचेकरं हिंडाला आल्ताव," ती म्हणाली. "आता आमी तुमचेकरं."

वडिलांना फारच आनंद झाला. त्यांनी लगेच छत्री शोधायला घेतली, पण आईने ती आधीच लपवली होती. मंडळींनी आमचं घर हिंडून पाहिलं. ब्लॉक म्हणतात तो एवढासाच असतो हे पाहून सुनांना आमची दया आली. बाईने मोरीतला नळ फिरवून पाहिला आणि विचारलं, "पानी इतकं वर चढतं कसं?"

"चढत नाही," आई म्हणाली. "खालून आणतो आम्ही."

मग सगळे गच्चीवर गेले. तिथे टोपली उघडली. नव्या भाताचे पोहे, गूळ, खोबरं. खाली शहर दिसत होतं, होतं तेवढं. पोरं कठड्यापाशी रांगेत उभी राहून आपापली घरं शोधत होती. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. त्यांनी घोळका पाहिला आणि गच्ची फक्त सभासदांसाठी व त्यांच्या जवळच्या नातेवाइकांसाठी आहे असं सांगितलं.

"नातेवाईकच आहेत," आई म्हणाली. "या माझ्या वन्सं."

सेक्रेटरींनी त्या नऊवारीकडे पाहिलं, रुमाल नेसलेल्या दिराकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वडील घरात आणि कचेरीत कधी कोणाला उलट बोलले नव्हते. ते घसा साफ करून म्हणाले, "थोरली बहीण आहे माझी. नेरूळला असते. तिची स्वतःची बाग आहे."

बाईने वाटीभर पोहे सेक्रेटरींच्या हातात दिले. नियमात त्याबद्दल काहीच नसावं. ते कठड्याला टेकले आणि खाऊ लागले, आणि खाता खाता त्यांनी दिराला विचारलं, "तुमच्याकडे चिंबोऱ्या कधी मिळतात?"