बाळंतिणीचा खुराक

वाशीमजवळ आमचा भाजीचा मळा होता आणि माझं तोंड त्या मळ्यातल्या टमाटरासारखं लाल होतं. काहींना वाटायचं, खाऊन-पिऊन सुखी आहे. काहींना वाटायचं, नुसता पिऊन सुखी आहे. मी मोहाच्या दारूचा वासही घेत नव्हतो, पण लाल तोंडाच्या माणसाचं ऐकतो कोण! बायकोला मात्र माझ्या रंगाचा भारी अभिमान. आपल्या हातच्या भाकरीचा गुण म्हणून ती चारचौघींत मिरवायची.

दुखणं आतून चाललं होतं. डोकं जड व्हायचं. आंघोळ केली, किंवा पाटात उभा राहून वाफ्यांना पाणी देऊ लागलो, की अशी खाज सुटायची की ओलित सोडून मी काठावर अंग ओरबाडत बसायचो.

शेवटी रेल्वेने अकोल्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, चाचपली, रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं. हाडांच्या आत रक्त तयार होतं, तिथेच बिघाड होता. तांबडे कण गरजेपेक्षा फार होत होते. हा रक्ताच्या कॅन्सरचाच एक दुर्मीळ, हळू चालणारा प्रकार, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "रक्त घट्ट झालंय. मेंदूत किंवा छातीत तुंबलं, तर माणूस बसल्या जागी जातो. मुळातून बरं होणार नाही, पण अधूनमधून रक्त काढत राहिलो तर चांगले जगाल."

पाटात गाळ साचला की पाणी पुढे सरत नाही, हे माळ्याला कोणी शिकवावं लागत नाही. मी हात पुढे केला.

सोबत आलेल्या बायकोला माझ्या रक्ताने बाटली भरताना पाहवेना. "माह्या माणसाचं रक्त काहून काढून राह्यले?" म्हणत ती दारात रडत बसली. बाहेर आलो तर माझं डोकं हलकं झालेलं. मी शीळ घालत होतो आणि ती डोळे पुसत होती.

घरी आल्यावर तिने ठरवलं, गेलेलं रक्त भरून काढायचं. आमच्याकडे रक्त जातं ते बायकांचं, बाळंतपणात. तेव्हा तिला ठाऊक होता तो इलाजही तोच: आळीवाची खीर, खारीक, गूळ, वर बकऱ्याची कलेजी. शेजारचा मळेवाला कुंपणावरून विचारायचा, "काय भाऊ, पोरगा झाला का पोरगी?" खरं सांगतो, खीर झकास असायची आणि माझे एवढे लाड जन्मात झाले नव्हते.

पुन्हा लाली चढली. ती हरखली. आणि एका सकाळी मेथीच्या जुड्या बांधताना माझा उजवा हात लुळा पडला. तिला हाक मारायला गेलो तर जीभ वळेना. थोड्या वेळाने हात हलू लागला, शब्दही फुटले, पण आम्ही दोघं घाबरून अकोल्याला पळालो.

डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं. तिने मोठ्या उमेदीने सगळं सांगितलं. "बाई," ते हळूच म्हणाले, "मी काढतो आणि तुम्ही भरता. या सगळ्यात लोह असतं, त्यावर यांचं रक्त वाढतं. यांना जरा फिकटच ठेवायला हवं."

परतीच्या गाडीत वाशीम जवळ आल्यावर ती म्हणाली, "मीच तुमाले माराले निंघाली होती."

"अवं, खीर खाऊन मेलेला पहिला माणूस म्हणून नाव झालं असतं माह्यं," मी म्हटलं. ती हसली नाही. मला तिची फार माया आली.

त्यानंतर कलेजी, आळीव बंद. रक्त काढणं चालू राहिलं आणि मीही चालू राहिलो. ओलित केलं, मंगरूळपीरचे बाजार केले, मजेत होतो.

एकदा तिची थोरली बहीण मालेगावहून आली. पाहुणी म्हणून तिच्या ताटात कलेजी, माझ्या ताटात भाकरी आणि वांगं. माझ्याकडे पाहून तिने कपाळाला हात लावला. "अवं, कसे लालबुंद होते! पांढरे पडले. खाऊ घालत नाही का त्याईले?"

माझ्या बायकोला कोणी असं म्हणावं आणि तिने ऐकून घ्यावं, असं आजवर घडलं नव्हतं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं. तिने मला हातानेच थांबवलं आणि बहिणीला आणखी कलेजी वाढली.

"नाही घालत," ती म्हणाली. "मले माणूस जिता पाह्यजे."