तुरटी फिरवलेला समुद्र

बीडपासून समुद्र इतका लांब आहे की आमचं त्याच्याशी काही देणंघेणं असायचं कारणच नव्हतं. तरी मी तो घरात आणला आणि काचेच्या टाकीत, टीव्हीच्या जागी ठेवला. मासे नावापुरते, बाकी सगळी प्रवाळं. त्यांना नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं तर नाहीच. आरओचं पाणी धरायचं, त्यात समुद्री मीठ कालवायचं आणि सारखं मोजत बसायचं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मोजायची खोड आहेच. चिडायचीही आहे.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चकलांब्याहून आमच्याकडे राहायला आल्या आणि हा प्रकार बघून त्यांनी कपाळावर हात मारला. आरओमधून वाया जाणारं पाणी त्यांनी बादल्या लावून धरलं, भांडी-फरशी त्यावर भागवली. मिठाचं मात्र त्यांना पटेना.

"गोड्या पाण्यात मीठ? आन् आमी बोअरला खारं लागलं म्हणून रडत बसलो!"

टाकीत माझं एक लाडकं प्रवाळ होतं, बोटाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं. आत्या त्याला कुत्र्याची छत्री म्हणत. मला राग यायचा, पण दिसायचं ते तसंच.

एका सकाळी वाळू साफ करताना पाणी ढवळलं गेलं. तासाला उशीर होत होता, म्हणून मी ते तसंच टाकून कॉलेजला पळाले. दुपारी येऊन बघते तर पाणी लख्ख, आणि छत्री मिटून सुरकुतलेली. आत्या खुशीत होत्या.

"लई गढूळ झालतं. तुरटी फिरवली. बघ, तळ दिसतोय का न्हाई?"

जन्मभर विहिरीचं, टँकरचं पाणी त्यांनी असंच निवळवलं होतं. पण तुरटीतलं ॲल्युमिनियम या जातीच्या प्रवाळाला सोसत नाही. मी एवढी ओरडले की मासे दगडामागे लपले.

"कावून वरडतीस? पाणी साफच केलंय की!"

"मारलंत तुम्ही त्याला!" म्हणून मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली.

बाहेर आले तर आत्या घरात नव्हत्या. छत्री वाचवायची तर टाकीतलं पाणी लगेच बदलायला हवं होतं. आरओ चालतो थेंबाथेंबाने, आणि नळाला पाणी कधी येईल ते पंचांगातही सापडत नाही. मी डोकं धरून बसले होते, तोच आत्या दारात उभ्या. डोक्यावर हंडा, मागे कळश्या आणि कॅन घेतलेल्या शेजारणी. घरात पेशंट आहे, फिल्टरचं पाणी द्या, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं. एकीने मऊ भातसुद्धा आणला होता.

"पेशंट कुठंय?" तिने हळूच विचारलं.

मी टाकीकडे बोट दाखवलं. ती बराच वेळ कधी टाकीकडे, कधी भाताकडे बघत राहिली.

त्यातही माझी खोड गेली नाही. प्रत्येक कळशीत पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला. समोरच्या काकूंचं पाणी नापास झालं. त्यांनी तिथूनच फिल्टरवाल्याला फोन लावला आणि त्याची बिनपाण्याने केली. उरलेल्या पाण्यात मीठ कालवून मी टाकीचं पाणी बदललं.

पुढचे काही दिवस छत्री हलली नाही. मी येताजाता बघायचे, आत्या माझी पाठ फिरली की बघायच्या. आम्ही एकमेकींशी जेवणापुरतं बोलत होतो. मग एका सकाळी त्यांनीच हाक मारली, "अगं ये, उघडली बघ!"

उघडली होती, बारीक बोटं हलवत होती. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. म्हटलं, "आत्या, या छत्रीसाठी तुम्ही दारोदार फिरलात."

"छत्रीसाठी कोण जातंय?" त्या म्हणाल्या. "दुष्काळातसुदीक कुणाच्या दारात पाणी मागाय गेले न्हाई मी. तू न्हाणीत रडत हुतीस. ते ऐकवंना मला."