उतरताना शेवटचा

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या ड्रिल मशीनचा भाव पाडत होतो. रविवारची दुपार. खरं तर त्या वेळी मी त्याच्याबरोबर कळसूबाईच्या मागच्या कातळसोंडेवर असायला हवा होतो. फोनवर प्रशांत होता, वाकडला राहणारा, आमच्या डोंगरातल्या गटातला सगळ्यांत नवा. "काका, दादा पडले," एवढंच म्हणाला... समोरचा माणूस नेमका तेव्हा भाव उतरवायला तयार झाला होता. मी त्याला हातानेच जा म्हटलं.

विलास चाकणच्या एका कंपनीत माल तपासायचा. आमची ओळख भांडणातून झाली. एक जुना लेथ घेऊन मी नुकतीच सुरुवात केली होती आणि माझा पहिलाच माल त्याने परत पाठवला. मी गेटवर दोन तास वाद घातला. त्याने एकेक पीस शांतपणे मोजून दाखवला आणि शेवटी विचारलं, "एवढा दम आहे तर रविवारी डोंगरात येतोस का, शेठ?" शेठ हे त्याने चिडवायला ठेवलेलं नाव. ते शेवटपर्यंत टिकलं.

कळसूबाईला सगळे शिड्यांच्या वाटेने जातात. विलास मागची सोंड धरायचा. दोन्ही बाजूंना दरी, मधे जेमतेम दोन पावलं मावतील एवढी धार, आणि माथ्याखाली उभा कातळ. तिथे दोर लावावा लागे. चढताना पुढे विलास. उतरतानाही तोच आधी खाली जायचा, एकेकाचा पाय धरून खोबणीत ठेवून द्यायचा, आणि मला सगळ्यांत शेवटी वर ठेवायचा. शेवटच्याने दोर सोडून खाली टाकायचा आणि मोकळ्या अंगाने, दोराच्या आधाराशिवाय उतरायचं. तोच दोर मग घरी नेऊन धुवायचा, सुकवायचा, सांभाळायचा. अठरा वर्षं हे मी केलं. माथ्यावरच्या फोटोत विलासच्या खांद्याला खांदा लावून नवी पोरं, आणि मी कडेला, अर्धा कापलेला. अवघड काम माझं आणि नाव दुसऱ्यांचं, असा व्यवहार धंद्यात मी कुणाला करू दिला नसता.

त्या आधीच्या गुरुवारी तो वर्कशॉपवर आला. मी म्हणालो, "या खेपेला पुढे मी. जमत नसेल तर मागे दुसरा बघ." वाटलं, तो थोडं ताणेल, मी थोडं सोडेन, आणि शनिवारी गाडीत बसेन. तो म्हणाला, "पुढे कुणीही चालतं रे. मागे..."

मी ग्राइंडर चालू केला. थोडा वेळ तो ठिणग्यांच्या पलीकडे उभा होता. ग्राइंडर बंद केला तेव्हा निघून गेला होता.

चौदाव्यानंतर प्रशांत आला, तेव्हा मी सगळं विचारून घेतलं. माथा झाला होता. उतरताना शेवटी कोण थांबणार म्हटल्यावर प्रशांत तयार झाला, तर विलासने त्याला खाली पाठवलं. "म्हणाले, तिथे शेठशिवाय मी कुणाला उभं करत नाही. तो नाही, तर मीच." दोर खाली आला, गुंडाळूनही झाला, आणि मग विलासच्या पायाखालचा दगड सुटला.

माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण अठरा वर्षांत एकदा हे मला तोंडावर सांगायला त्याचं काय जात होतं? मालाचंही तसंच. चांगला असला तरी चांगला म्हणायचा नाही, नुसता शिक्का मारायचा. त्या गुरुवारी कदाचित तो सांगणार होता... ते मला आता कुठल्याच भावाने मिळणार नाही.

जाताना प्रशांत दोर ठेवून गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोर शेठकडे जातो, एवढंच त्याला माहीत. लेथच्या वरच्या खुंटीला तो टांगलाय, सोंडेवरच्या मातीसकट. डोंगरातून आल्यावर सोमवारी दोर धुवायचा, हा माझा नेम. पाच सोमवार झाले. बादली भरतो, दोर खुंटीवरून काढतो, आणि पुन्हा तसाच टांगतो.