दवाखान्याच्या दारावरचा बाजार

आपण केलेलं काम एक दिवस कुणाच्या तरी डोक्यावर पडेल, ही भीती मला त्या उन्हाळ्यापर्यंत कधी शिवली नव्हती. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचे आणि सुट्ट्यांमध्ये मूर्तिकाम करायचे. एखाद्या पुतळ्याचा चेहरा, कुणाच्या दिवाणखान्यातलं छोटं उठावशिल्प. सगळी कामं हात पोचेल एवढ्या उंचीची. पडली असती, तर फार तर तीच फुटली असती.

अकोल्याचं काम माझ्याकडे एका ओळखीच्या आर्किटेक्टमुळे आलं. तो एका ट्रस्टसाठी नवं रुग्णालय बांधत होता. दर्शनी भागात ओसरीसारखा लांब व्हरांडा होता आणि त्याच्या वर मोठी कोरी भिंत. "इथं आत्ताच काही केलं नाही, तर वर्षभरात गुटख्याची जाहिरात लागेल," तो म्हणाला आणि मला ट्रस्टच्या बैठकीत घेऊन गेला.

एका ट्रस्टीला तिथं देव हवा होता. दुसऱ्याला कापसाचा भारा डोक्यावर घेतलेला, हसरा शेतकरी हवा होता. तेव्हा वऱ्हाडातल्या पेपरांत रोज काय छापून येत होतं, ते त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं. शेवटी मीच म्हणाले, "हसरा शेतकरी नको. या दारातून कोणाकोणाला उचलून आत आणतील, ते आपल्याला ठाऊक आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. वयस्क, सुती सदऱ्यातले, अडत्याच्या घराण्यातले गृहस्थ. "मग तुमच्या मनात काय आहे?"

"आठवडी बाजार."

"दवाखान्यावर बाजार कायले?"

"आत येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याला ओळखीचं काहीतरी दिसावं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "करा."

मी वलगावची. बाजार म्हटला की तिथलाच डोळ्यांसमोर येतो. मी मातीत तो उभा केला. बांगड्या भरणारी कासारीण, मडकी वाजवून पाहणारा म्हातारा, पोत्यावर बसून दाढी करून घेणारा गडी, दोरीनं एकमेकींना बांधलेल्या शेळ्या, आणि एकाच पायात नवी चप्पल घालून दुसरा पाय हवेत धरून विचार करत असलेली बाई. मातीच्या कामावरून प्लास्टरचे साचे आणि साच्यांतून सिमेंटचे तुकडे काढायचे होते. ते काम अकोल्याच्या एका मिस्त्रीनं केलं. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. मशिदींच्या कमानी आणि बंगल्यांच्या जाळ्या ओतण्यात त्याचा जन्म गेला होता. तो तापट होता. त्याच्या शेडमध्ये कुणी ओल्या सिमेंटला बोट लावलं, तरी तो अंगावर धावून जाई.

एकेक तुकडा एवढा जड झाला की, उचलायला चारपाच माणसं लागत. आतून लोखंडी सळ्या होत्या. भिंतीत लोखंडी आकडे रोवले, त्यांवर तुकडे चढवले, सांधे भरले. आर्किटेक्टनं आणि बांधकामाच्या इंजिनिअरनं येऊन पाहिलं आणि पसंत केलं. हिवाळ्यात उद्घाटन झालं. गर्दीत मागं उभी राहून मी लोकांचे चेहरे बघत होते. एक बाई शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "पाह्य वं, चप्पल पाह्य तिची." त्या दिवशी मी फार खूश होते.

उन्हाळ्यात परीक्षेच्या कामासाठी अकोल्याला गेले, तेव्हा सहज रुग्णालयाकडे वळले. व्हरांडा माणसांनी भरला होता. आवारात अजून एकही झाड वाढलेलं नव्हतं, त्यामुळे सावली तेवढीच. नातेवाईक तिथंच जेवत, तिथंच आडवे होत. मी वर पाहिलं. भिंतीच्या कडेच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ निघाली होती. ती तिरपी वर जाऊन कासारणीच्या पाठीमागं गेली होती.

मी शिडी मागवली. वर चढून लाकडी हातोडीनं तुकड्यावर ठोकून पाहिलं. भरीव भिंतीवरचं काम वाजतं, तसा आवाज आला नाही. रिकाम्या डब्यासारखा आला. खाली पाहिलं तर माझ्या पायांच्या बरोबर खाली एक म्हातारा तोंडावर उपरणं घेऊन झोपला होता. मी हातोडी कमरेला खोचून दोन्ही हातांनी शिडी धरली.

आर्किटेक्टनं फोनवर समजूत घातली. "काळी माती आहे ती. उन्हाळ्यात आकसते, इमारतीला पहिल्या वर्षी केसासारख्या भेगा पडतातच. पाऊस पडला की बसेल सगळं." तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. चाचा मात्र भडकला.

"मॅडम, माझ्या हातचं काम हाय ते. पडन कसं?"

"चाचा, तुमच्या कामाला मी नाव ठेवत नाही. भिंत हलते आहे, असं म्हणते."

"भिंत म्या नाही बांधली," तो म्हणाला आणि उठून गेला.

जाण्याआधी मी भेगेवर काचेची एक पट्टी आडवी चिकटवून घेतली. भिंत सरकली की काच तडकते, एवढी साधी ती युक्ती. पट्टी लावून मी अमरावतीला परतले आणि तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले.

शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला की हातातला खडू थांबायचा. वळवाचा वारा सुटला की मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे, जणू काही अमरावतीच्या खिडकीतून अकोला दिसणार होतं. सकाळी पेपर आला की आधी अकोल्याचं पान. त्या पानावर रोज कुणीतरी शेतकरी जीव देऊन गेलेला असायचा. गावाचं नाव, वय, मागं कोण कोण आहे. मी ती ओळ वाचायचे, आपल्या भिंतीची बातमी नाही एवढं पाहायचे आणि सुटकेचा श्वास टाकायचे. मग त्या श्वासाचीच भीती वाटायची. कुणाच्या घरी काय झालंय आणि मी कशासाठी सुटले?

पुढच्या रविवारी गेले. काच मधोमध तडकली होती.

मी तशीच अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांनी मला बसवलं, सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्घाटन होऊन वर्ष नाही झालं. आत्ता ते उतरवलं तर गावात काय बोलतील? दवाखानाच कच्चा आहे म्हणतील. लोक यायचेच बंद होतील. मग त्यांनी कुठं जायचं?"

"निदान व्हरांडा तरी बंद करा."

"पाहतो," ते म्हणाले.

व्हरांड्यापुढं दोरी बांधली गेली, पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्यावर ओली लुगडी वाळत घातली आणि दोरीखालून माणसं पुन्हा सावलीत आली. त्यांना दोष कसा द्यायचा? बाहेर फरशी पाय भाजेल एवढी तापलेली असायची.

उन्हाळ्याची सुट्टी लागताच मी अकोल्यात चुलतबहिणीकडे जाऊन राहिले. रोज व्हरांड्यात जायचे आणि बसलेल्यांना उठवायचा प्रयत्न करायचे. कुणी हसायचं, कुणी रागवायचं. कासारणीच्या बरोबर खाली एक वयस्क बाई गाठोड्याला टेकून बसलेली असे. तिला मी हात जोडले.

"मावशी, इथून उठा. वरचं पडायची भीती आहे."

तिनं वर पाहिलं. "तिकडं ऊन हाय. कुठी जाऊ?"

"आत जागा नाही का?"

"अंदर पोरगी बसली हाय जवायापाशी. फवाऱ्याचं औषध पेला त्यानं. एकालेच बसू देतात." मग माझ्याकडे नीट पाहून तिनं विचारलं, "तुमी कावून एवढ्या भिऊन राहिल्या? तुमचं कोन हाय अंदर?"

"कुणी नाही. वरचं ते मी केलंय."

ती सरकली नाही, पण तिनं गाठोडं थोडं बाजूला घेतलं आणि मला जागा करून दिली. मला बसावं लागलं. वर न पाहता बसणं जमेना. ती आपल्या जावयाचं सांगत होती. तो भजनात चांगली ढोलकी वाजवतो, लेकीला पहिल्यांदा आणायला आला तेव्हा लाजून जेवलाच नाही, असं काहीबाही. मी हूं हूं करत होते. इतक्यात माझ्या पदरावर वाळूसारखं काहीतरी पडलं. चिमूटभर सिमेंट. मी तिचा दंड धरून तिला अक्षरशः ओढत उन्हात आणलं. ती ओरडली, माणसं जमली. "बाई येडी झाली काय?" कुणीतरी म्हणालं.

तिथून मी सरळ चाचाच्या शेडवर गेले. पदराच्या टोकात बांधलेली ती भुकटी फक्त त्याच्यापुढं धरली. त्यानं ती दोन बोटांत चोळली, वास घेतला आणि टोपी चढवली. भिंतीपाशी येऊन तो शिडीवर चढला, कान लावून ठोकत राहिला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"चला," तो म्हणाला. "कोनाले विचारू नका आता. उद्या उतरवून टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाकडी बल्ल्यांची परांची उभी राहिली. साखळीची कप्पी आली. रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी वाद न घालता व्हरांड्याच्या तोंडाशी मोडक्या खाटा आडव्या लावल्या, माणसांना मागच्या दारानं आत घेतलं आणि जिन्याखाली बसायला जागा करून दिली. हे एवढं आधी त्यांना सांगायचं मला का सुचलं नाही, कोण जाणे. शेळ्या उतरल्या, मडकी उतरली. तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली.

"कोणी सांगितलं?" ते खालून ओरडले. "थांबवा हे. आत्ताच्या आत्ता थांबवा!" आणि खाटा सारून ते व्हरांड्याकडे येऊ लागले.

चाचा परांचीवरून गरजला, "मांगं व्हा, शेठ! मांगं व्हा!"

मी परांचीच्या खालच्या फळीवर होते. मला अजून तो आवाज आठवतो. मोठा नव्हता. दात उपटताना होतो तसा, करकर. कासारणीच्या तुकड्याचा वरचा आकडा विटेसकट भिंतीतून बाहेर आला, तुकडा पुढं झुकला, क्षणभर तसाच लोंबकळला आणि गेला. धूळ उठली. मी डोळे मिटून बल्लीला मिठी मारली होती. कोण ओरडतंय, ते कळत नव्हतं. बहुतेक मीच ओरडत होते.

डोळे उघडले तेव्हा अध्यक्ष खाटेला धरून उभे होते. पांढऱ्या सदऱ्यावर सगळी धूळ. त्यांच्यापुढं व्हरांड्याच्या फरशीत खड्डा पडला होता आणि त्यात सिमेंटचा एक हात, बांगड्यांसकट. कुणालाही लागलं नव्हतं.

अध्यक्षांनी अंगावरची धूळ झटकली. त्यांनी पाणी मागितलं आणि चूळ भरली. मग म्हणाले, "बाकीचंबी उतरवा."

दुपारी काम संपलं. टपरीवर चाचानं चहाची बशी खाली ठेवली. "मले बी पैल्या दिवसापासून भेव वाटत होतं," तो खाली बघत म्हणाला. "म्हनूनच तुमच्यावर वरडलो." मी माझ्या कपातला अर्धा चहा त्याच्या बशीत ओतला.

भिंतीच्या पायात आदल्या पावसाळ्यातलं पाणी एका बाजूनंच मुरलं होतं, असं पुढं तपासात निघालं. पाया दुरुस्त झाला, भिंत नव्यानं बांधली. ट्रस्टनं मला पुन्हा बोलावलं, पण या वेळी मी वर चढवायला नकार दिला. वाचलेले तुकडे आवाराच्या कुंपणालगत, जमिनीवर चौथरा करून बसवले. कासारीण मी पुन्हा केली नाही. तिच्या जागी बसायला बाक आहे.

गाठोडेवाल्या बाईच्या जावयाचं विचारायला मी तुकडे उतरवले त्याच संध्याकाळी गेले होते. तो शुद्धीवर आला होता. त्याच्या खाटेपाशी त्याची बायको पाठमोरी बसली होती आणि सासूला जिन्याखाली झोप लागली होती. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. मी थोडा वेळ तिच्याजवळ पायरीवर बसून राहिले आणि मग अमरावतीची गाडी धरायला बस स्टँडवर गेले.