आरशातला हाडक्या

रणजित उकडलेलं कोंबडीचं मांस पाणी घालून मिक्सरमधून काढायचा आणि तो राखाडी लगदा नाक दाबून घशाखाली उतरवायचा. कराडच्या आमच्या भाड्याच्या खोलीत टॉवेललासुद्धा त्याचाच वास. मी खिडकी उघडायचो. तो म्हणायचा, "चवीसाठी खात्यात ती येगळी माणसं. मी अंग भरायला खातो, गड्या."

अंग तर दारात मावत नव्हतं. तरी भर उन्हाळ्यात तो शर्टाच्या आत आणखी दोन टी-शर्ट घालायचा, भरदार दिसावं म्हणून. आरशासमोर दंड चिमटीत धरून विचारायचा, "काडी झालीया न्हाई माजी? खरं सांग." मी खरंच सांगायचो, तो मात्र मी खोटारडा असल्यासारखा बघायचा. "मला माजी किळस येती रं," हे त्याचं रोजचं वाक्य. शाळेत पोरं त्याला 'हाडक्या' म्हणायची. ती पोरं पांगली, पण ती हाक त्याच्या कानातून गेली नाही.

रणजितच्या बहिणीच्या लग्नाला विट्याकडच्या त्याच्या गावी गेलो. मांडवात त्याच्या आईनं स्वतःच्या हातानं त्याला बुंदीचा लाडू भरवला. पाहुण्यांदेखत त्याला नाही म्हणता येईना. थोड्या वेळानं तो कुठं दिसेना, म्हणून आई आणि मी शोधत निघालो. गोठ्यामागं घशात बोटं घालून तो ओकत होता. आई जागीच थांबली.

"माज्या हातचं इख वाटलं व्हय रं तुला?"

"आये, साखर-तुपानं चरबी चढती, तुला न्हाई कळायचं," तो तोंड पुसत म्हणाला.

मी त्याला सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "काही मुलींचा सापळा झाला तरी त्या स्वतःला जाडच समजतात. याचं तेच, फक्त उलटं. हा आजार आहे आणि उपचार आहेत." रणजित जायचा त्या जिमच्या मालकाला मी हे सांगितलं तर तो हसला. "येडं झाल्याबिगर बॉडी हुती व्हय?" रणजित पुन्हा सांगलीला आला नाही.

साताऱ्यातल्या शरीरसौष्ठव स्पर्धेआधी शिरा उठून दिसाव्यात म्हणून मालकानं त्याचं पाणी तोडलं, वर अंगातलं पाणी काढणाऱ्या लघवीच्या गोळ्या दिल्या. स्टेजमागंच तो कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला गावच्या चौकात मालकानं फ्लेक्स लावला होता. तेल चोपडलेला उघडा रणजित, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली जिमचा फोन नंबर. मला त्यावर थुंकावंसं वाटलं. आई मात्र जवळ गेली आणि त्या बरगड्यांवरून, त्या शिरांवरून हात फिरवत राहिली.

"किती वाळला हुता रं," ती म्हणाली, "आन् कुणी पोटभर जेवायला घातलं न्हाई."