मामांचे रुंद जोडे

मामा कुठंही सायकलवरून उतरले की आधी जोडे काढायचे, दोन्ही पायांची बोटं पसरून हलवायचे आणि मगच पाणी मागायचे. जोडा कसा आहे असं कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "मला काय इचारता? पायाला इचारा."

मी तेव्हा, निजामाच्या राज्यात, सेलूकडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. मामा आमच्याच दवाखान्यातून गावोगाव देवीची लस टोचत फिरायचे. त्यांना नाव होतं, पण सगळा इलाखा मामाच म्हणायचा, तेव्हा इथंही मामाच राहू द्या. त्यांचे पाय मात्र तुम्ही बघायला हवे होते. सगळं लहानपण काळ्या रानात अनवाणी गेलेलं. पंजा भाकरीएवढा रुंद, आणि अंगठा बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखा वेगळा उभा.

सरकारनं सायकल दिली आणि पंचाईत सुरू झाली. पायडलला लोखंडी दाते, अनवाणी मारावं तर तळवे सोलायचे. वहाणा घालाव्यात तर निसटायच्या. वालूरच्या वाटेवर एक ओढ्यात गेली ती गेलीच. परभणीच्या एका दुकानदारानं दोन नंबर मोठे बूट त्यांच्या गळ्यात मारले. रुंदी होती तिथंच राहिली, लांबी मात्र अशी वाढली की वळण घेताना बुटाचं नाक पुढच्या चाकाला लागायचं. मामा सपशेल आडवे झाले. धूळ झटकत उठले आणि मला म्हणाले, "बूट लय हुशार हाय. माझ्या आधी पोचायलाय."

मग त्यांनी जोडे शिवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला गाठलं. त्यानं सकाळी, मामांना ओट्यावर बसवून माप घेतलं. ते जोडे दुपारपर्यंत बरे असायचे, नंतर चावायचे. मामांनी बिचाऱ्याला दोष दिला नाही. पुढच्या खेपेला उन्हातून वालूरला जाऊन आले, सायकल भिंतीला टेकवली आणि तसेच, फुगलेल्या पायांनी कातड्यावर उभे राहिले. आता घे म्हणाले माप. जोडे झाले ते पुढून ऐसपैस, तळ दुहेरी, टाचेला उंच कड आणि नाडी अजिबात नाही. नाडी नको होती त्याला कारण होतं. ज्या घरात देवी आलेली असते तिथं पायातलं घालून उंबरा ओलांडत नाहीत, आणि मामांचा दिवसच अशा उंबऱ्यांवर जायचा. मी आपला जिभेला हाड नसलेला माणूस. "मामा, पीठ मळायच्या काठवटी घालून कुठं निघालात?" म्हणून हसलो. तेही हसले आणि पायडल मारत निघून गेले.

मग जिल्ह्याहून साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला आले. वर्दीखाली असले जोडे बघून त्यांचं डोकंच फिरलं. पायात काळे नाडीचे बूट दिसले नाहीत तर सायकल जमा, असा हुकूम सोडून गेले, वर सरकारी बुटांचा जोडही देऊन गेले. सायकल गेली की लांबच्या गावांना लस वेळेवर पोचणार नाही, हे साहेब सोडून सगळ्यांना कळत होतं.

त्याच आठवड्यात वालूरच्या पुढच्या एका वस्तीवर देवी आल्याची खबर आली. एका घरात थोरला मुलगा अंगभर फोड येऊन पडला होता. धाकटी मुलगी अजून धड होती. तिला लगेच टोचलं तर वाचायची आशा होती. मामा हुकमाप्रमाणे बूट घालून गेले. दारात पोचले तोवर पाय असे सुजले की बूट निघेनात. नाड्या सोडल्या, ओढून पाहिलं, टाच दगडाला अडकवून पाहिली. दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधलेले, आत देवी. तसंच आत घुसणं त्यांच्याही मनाला पटेना. मुलांच्या आईला एवढंच दिसलं की देवीच्या दारात एक बूटवाला सरकारी माणूस उभा आहे. तिनं दार लावून घेतलं.

संध्याकाळी ते बूट मी कात्रीनं कापून काढले. टाचा रक्तानं माखल्या होत्या. मामांना रागावलेलं मी त्याच दिवशी पाहिलं. पायांबद्दल अवाक्षर काढलं नाही. "पोरीचा एक दिवस गेला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पायांना पट्ट्या गुंडाळून, आपले रुंद जोडे घालून ते निघाले. मी साहेबांची आठवण करून दिली. "सायकल घ्यायची तर घेऊ द्या. आज मला लागायलीय," म्हणाले. मी मागच्या कॅरियरवर बसलो.

त्या दारात मामांनी टाचा उचलल्या, जोडे बाहेर राहिले, आणि ते उंबऱ्याशी हात जोडून उभे राहिले. बाईनं दार अर्धंच उघडलं.

"काल बूट घालून तुमीच आलता न्हवं?"

"काल साहेबाचे बूट आलते, बाई. आज मी आलोय."

बाई त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. मग बाजूला सरकली. मुलीला तिनं स्वतः मांडीवर घट्ट धरलं. ते बघून आसपासच्या बायकाही आपापली पोरं घेऊन आल्या.

मुलगा राहिला नाही. मुलगी राहिली.

साहेबांनी मात्र शब्द खरा केला, सायकल जमा करून घेतली. मला त्याचा संताप आला होता, अजूनही येतो. मामा तो सगळा हंगाम पायी फिरले. मी चिडून बोललो की उलट मलाच समजवायचे, की चालणं पायांच्या सवयीचं आहे, सायकलच नवी होती. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

निजामाचं राज्य गेलं. काही वर्षांनी मामाही गेले. परवा त्या वस्तीवर एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत वरण वाढताना एका बाईची बाही वर सरकली आणि दंडावर लशीचे गोल वण दिसले. मी नाव-घर विचारलं. तीच ती. त्या वणांकडे बघत मी मामांबद्दल विचारलं. मामा कसे दिसायचे, ते तिला आठवत नव्हतं.

"एवढं काय बघायलाव?" ती म्हणाली. "हितं माझ्या वयाच्या समद्यांच्या दंडावर मामा हायेत."

आणि वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेली.