शुक्रवारपर्यंतचा चेंडू

पाठ नेहमी भिंतीला. कॉफीचा कप दोन्ही हातांत. भर दुपारी घरातही काळा चष्मा. नाव आठवलं नाही की समोरच्याला ‘चॅम्पियन’ म्हणायचं. गावाला वाटायचं, एवढा मोठा माणूस, पण सगळ्यांना मान देतो. शेजारच्या जोनेलला मात्र ठाऊक होतं, उन्हाळ्यापासून तिचंही नाव त्याला आठवेनासं झालं होतं; तीही चॅम्पियन झाली होती.

अल्सीद बातिस्त म्हणजे लुइझियानातल्या त्या उसाच्या गावाचा एकमेव व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू. रनिंग बॅक. लांबट चेंडू काखेत दाबायचा, डोकं खाली घालायचं आणि समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. उत्तरेतल्या एका बर्फाळ शहराच्या संघासाठी तो नऊ हंगाम असा घुसला. दोनदा देशातल्या निवडक खेळाडूंत आला. विजेतेपदाची अंगठी मिळाली, ती आता सुजलेल्या पेरावरून निघत नव्हती. शुक्रवारी, सामन्याआधी, गावची शाळा त्याच्या जर्सीचा नंबर कायमचा राखून ठेवणार होती, पुन्हा कुणाला देणार नव्हती.

या मानाला गावची एक रीत जोडलेली. सत्कारमूर्तीनं आठवडाभर चेंडू खाली ठेवायचा नाही. चर्चमध्ये नाही, जेवतानाही नाही. कुणीही मागून येऊन तो पाडायला बघावं. पडला नाही तर शुक्रवारी मैदानावर तो शाळेच्या कॅप्टनच्या हाती द्यायचा.

जोनेल साहित्यात पदवी घेऊन नुकतीच परतलेली. त्याचं भाषण ती लिहून देत होती. सोमवारी मध्येच उठून तो पडदे ओढू लागला. समोरचा संघ बघतोय, म्हणाला. रस्त्यावर एक कुत्रा होता.

“मिस्टर अल्सीद, मी कोचना सांगते. तब्येत बरी नाही म्हणू.”

“सांगितलंस तर चेंडू काढून घेतील,” तो म्हणाला. “एवढा एक शेवटपर्यंत नेऊ दे, पोरी.”

तिनं कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी खानावळ भरलेली होती. भिंतीकडची जागा आधीच कुणीतरी धरली होती. अल्सीद दाराकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ करून बसला. जोनेलच्या ते लक्षात आलं. तिनं जागा बदलून मागितली नाही.

क्लोव्हिस न्हावी पूर्वी शाळेच्या संघात समोरच्यांना अडवून त्याच्यासाठी वाट मोकळी करायचा. चाळीस वर्षं दोघांची थट्टा चालू होती.

“म्हातारा झालास रे बातिस्त,” तो मागून म्हणाला. “आता हा चेंडू माझी सासूही पाडेल.”

सगळे हसले. क्लोव्हिसनं काखेखालून हात घातला.

अल्सीद हसला नाही. त्याचं डोकं खाली गेलं. टेबल उलटलं, दाराची काच फुटली. रस्त्यापलीकडे उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. तो वळला नाही, तसाच तिच्यात घुसला.

शुक्रवारी संध्याकाळी क्लोव्हिस रुग्णालयाच्या व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभा होता. आत यायला धजत नव्हता. नर्सनं अल्सीदच्या काखेतला चेंडू काढायचा प्रयत्न केला होता. तो निघाला नव्हता. मैदानावर जायच्या आधी कॅप्टन गणवेशातच आला आणि खाटेशी दोन्ही हात पुढे करून थांबला. अल्सीदचे डोळे उघडे होते. ते कॅप्टनच्या मागं कुठंतरी बघत होते.

जोनेल त्याच्या कानाशी वाकली.

“द्या आता, मिस्टर अल्सीद. शुक्रवार आलाय.”

त्याचं कोपर बरगडीशी आणखी घट्ट झालं.